गाडीचा उंबरा

मुरबाड, ता. २ मार्च १९५८

वेणूस,

इथं वर आशीर्वाद लिहायचा असतो. लिहू की नको ते कळलं नाय, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे. हे पत्र कामाचं आहे. दुसरं काही समजू नको.

परवा शहापूरच्या दवाखान्याच्या आठल्ये डॉक्टरीणबाई माझ्या पडवीत येऊन बसल्या. बाहेर रस्त्यावर एक मोटार उभी. लढाईच्या वेळी कल्याणच्या छावणीत जखमी सोल्जर वाहायची, तसली डबागाडी. लिलावात घेतली म्हणे. चाकं बरी आहेत, इंजिन खोकतं पण चालतं. आतली जमीन मात्र पार कुजलेली. पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत गेला.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, हिचं फिरतं घर करायचं आहे. अर्ध्यात औषधं, अर्ध्यात एक नर्स राहणार. शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड, टोकावडे. आठवड्यातले पाच दिवस ती गाडीतच. देवीची लस बर्फात ठेवावी लागते, ती उन्हाने जाता कामा नये. आणि माणूसही भाजता कामा नये."

मी विचारलं, नर्स केवढी उंच आहे? बाक त्या मापाचा करायला बरा. तर म्हणाल्या, "असेल पाच फूट. वेणू नाव तिचं."

माझ्या हातात गजपट्टी होती. ती खाली ठेवली आणि पाणी प्यायला आत गेलो. तुझ्या आईने विचारलं कोण आलंय. म्हटलं, गिऱ्हाईक.

तर मुद्द्याचं लिहितो. तुझा बाप सुतार आहे हे बाईंना ठाऊक आहे की नाय, मला कळलं नाय. मी काही बोललो नाय. मुरबाडात आणखी दोन सुतार आहेत. माझ्याएवढे चांगले नाय, पण आहेत. माझ्या हातच्या फळ्यांवर झोपायचं नसेल तर तसं एका कार्डावर लिही. बाईंना सांगेन, कंबर धरली आहे. पंधरा दिवस वाट बघतो. उत्तर आलं नाय तर हरकत नाय असं समजेन.

देवराम मिस्त्री


मुरबाड, ता. १९ मार्च १९५८

वेणूस,

कार्ड आलं नाय. पंधरा दिवस झाले, वर दोन टपालाच्या नावाने सोडले. काम सुरू केलं आहे.

जुनी जमीन उचकटली. खालून काय काय निघालं. खाकी कोटाची तीन बटणं, मोडकी फणी, विड्यांची थोटकं. एका फळीवर काळा डाग होता, फळीच्या आरपार मुरलेला. तो कशाचा ते नर्सबाईंना सांगायला नको. बाकीच्या फळ्या तुझ्या आईने चुलीला घेतल्या, ती डागाची मी घेऊ दिली नाय. ओढ्यावर नेऊन मातीत पुरली. कोणाचा लेक होता कोण जाणे. त्याच्यावर दुसरी जमीन घालून वर माणूस झोपवायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं.

पत्रा खरवडून तांबडा रंग दिला, खालच्या अंगाला डांबर फासलं. आता खरी अडचण उन्हाची. पत्र्याचा डबा तो. आत्ताच दुपारी आत हात टेकला तर चटका बसतो. मे महिन्यात टोकावड्याच्या माळावर उभी राहिली तर आत भाकरी भाजतील. चटका बसलेला हात किती दिवस दुखतो ते, असो.

यावर मी चार दिवस डोकं खाजवलं. मग नाक्यावर बर्फवाला बघितला. कल्याणहून लादी आणतो, गोणपाटात गुंडाळून भाताच्या तुसात पुरतो आणि दुपारी तीनलाही विकत बसतो. म्हटलं, लेका देवराम, अक्कल इथं आहे. पत्र्यावर ऐनाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या मारायच्या, पट्ट्यांच्या मधल्या खणांत तूस ठासून भरायचं, वर सागाच्या फळ्या. लाकडाचा भुसा माझ्याकडे ढीगभर पडला आहे, पण भुसा ओल धरतो आणि वाळवीला जेवण होतो. तूस लवकर कुजत नाय. आपल्या गिरणीमागे डोंगर आहे तुसाचा, कोणी विचारत नाय.

एक विचारायचं होतं. तू लहानपणी भिंतीकडे तोंड करून, डाव्या कुशीवर झोपायचीस. अजून तसंच आहे का? त्यावर बाक कोणत्या अंगाला करायचा ते ठरेल. हेही कामाचंच आहे.

देवराम मिस्त्री


मुरबाड, ता. २० एप्रिल १९५८

वेणूस,

तू कळवलं नायस तेव्हा माझ्या आठवणीनेच चाललो. बाक उजव्या भिंतीला घेतला आहे. उशी पुढच्या बाजूला. डाव्या कुशीवर झोपलीस तर तोंड भिंतीकडे येतं.

जमीन झाली. फळीच्या कडेला खाच आणि दुसरीला जीभ, अशी एकीत एक बसवली. सांध्यात पत्त्याचं पान जाणार नाय. भिंतींच्या पत्र्याला आतून घोंगड्या लावल्या, वर पातळ फळी. त्या घोंगड्या म्हसा गावच्या जत्रेतल्या, आपल्या पेटीतल्या. तुझ्या आईला अजून कळलेलं नाय. थंडीला कळेल.

तिच्याशी मात्र वाजलं. सांगतो कसं. गिरणीवरून तुसाची गोणी आणून मी अंगणात ओतली. ती लगेच सूप घेऊन आली आणि बसलीच पाखडायला. "दाणे आहेत अहो ह्यात. गिरणीचं तूस असंच भरू नका. उंदीर लागतील, काय काय होईल." मी म्हटलं, राहू दे. घाई आहे. "घाई कसली? एका दिवसात पाखडून देते. कोणाची गाडी आहे ही एवढी?" मी म्हटलं, सरकारी असेल कोणाचीतरी, तुला काय करायचं, तू तुझं काम बघ. ओरडूनच म्हटलं. तिने सूप भिंतीला उभं केलं आणि आत गेली. मी तसंच तूस चुना आणि कडुनिंबाचा पाला घालून भरलं. सुताराचं काम मला कोणी शिकवायचं नाय.

तुझ्या आईला गाडी कोणाची ते मी सांगितलेलं नाय. सांगितलं असतं तर तिने पहिलं विचारलं असतं, तुमी वेणूला काय लिहिलंत? आणि दुसरं विचारलं असतं, वेणूने काय लिहिलं? पहिल्याचं उत्तर द्यायची मला लाज वाटते आणि दुसऱ्याचं उत्तर नाय. त्यापेक्षा तोंड शिवून बसलेलं बरं.

तुझ्याविषयी ती बोलत नाय असं समजू नको. बोलते, पण माझ्याशी नाय. शेजारच्या गिरजेशी बोलते, मी आलो की दोघी गप्प होतात. पाच वर्षं माझ्या घरात मी आलो की बायका गप्प होतात.

आता आलंच आहे तर लिहून टाकतो. तू त्या दिवशी टोकावड्याहून चालत आलीस, अनवाणी, कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजलेला. मी हात बघितला. बघितला नाय असं तुला वाटत असेल, पण बघितला. आणि म्हटलं, बरा होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला टोकावड्याच्या एसटीत बसवलं. मी काय करायला हवं होतं? लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सगळे सोयरे त्या बाजूचे. नांदती पोर घरात ठेवली असती तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं. बाप झालास म्हणून काय जगाबाहेर राहतोस का, असं मला चार जणांनी सांगितलं. कोणाही बापाने हेच केलं असतं. हे मी तुला नाय, मलाच सांगतो असं वाटेल, पण तसं नाय.

देवराम


मुरबाड, ता. २५ मे १९५८

वेणूस,

गाडी पुरी झाली. काल नवसू ड्रायव्हर घेऊन गेला. आतापर्यंत तुला मिळाली असेल.

नेण्याआधी डॉक्टरीणबाईंनी परीक्षा घेतली. बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले. एक माझ्या पडवीत सावलीला ठेवला, एक गाडीत बाकाखाली लशीच्या पेटीच्या जागी. गाडी भर उन्हात उभी. दोन वाजता पडवीतल्या बर्फाचं पाणी झालं. गाडीतला संध्याकाळी पाच वाजता अजून आवळ्याएवढा शिल्लक होता. बाईंनी तो हातात घेऊन मला दाखवला आणि मी तोंडात टाकला. बाई पोट धरून हसल्या. पंचावन्न वर्षांचा बाप्या भर अंगणात बर्फ चोखतोय म्हटल्यावर हसणारच. पण मला काय वाटलं ते मला माहीत.

मागच्या दाराला मी उंबरा बसवला आहे. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, मोटारीला कुठं उंबरा असतो?" म्हटलं, बाई, ह्यात बाईमाणूस राहणार ना? मग घर आहे. आणि उंबऱ्याशिवाय घर मी आजवर केलं नाय. त्या म्हणाल्या, ठेच लागेल. म्हटलं, चार दिवस लागेल, मग पायाला कळेल. उंबरा जुन्या लाकडाचा आहे. बाकी सगळी जमीन नवी आणि तेवढाच जुना, म्हणून विजोड दिसतो. रंधा मारून नवा करता आला असता, मी मारला नाय.

आपल्या घराचा उंबरा काढला. वाळवी लागली होती. तुझी आई म्हणते, सागाला वाळवी लागलेली तिने जन्मात बघितली नाय. मी म्हटलं, तू सुतार की मी? दाराच्या चौकटीला खाली आता नुसती माती आहे. कोंबड्यांची मजा झाली आहे. गिरजा म्हणते, नांदत्या घराचा उंबरा काढणं बरं नव्हे, तो काय खुर्चीचा पाय आहे? कोणाकोणाला समजावू?

दाराची कडी आतून लागते. मुद्दाम पितळेची घातली, गंजणार नाय. रोज लाव.

देवराम


मुरबाड, ता. २९ जुलै १९५८

वेणूस आशीर्वाद,

लिहिला एकदाचा. तुझं कार्ड आलं, मग मीही धीर केला.

पाच वर्षांनी आलेलं कार्ड, आणि त्यावर एवढंच. मला पाठ झालं आहे: "तुमच्या फळ्यांतून भात उगवलं आहे. दाराशी, बोटभर उंच. तूस पाखडलं नव्हतं काय? वेणू."

कार्ड कसं आलं ते ऐक. मी सरळगावला कामाला गेलो होतो. पोस्टमन रामू दारात आला, तुझी आई एकटी. तिला वाचता येत नाय आणि त्याला पोटात ठेवता येत नाय. त्याने मोठ्याने वाचलं. तिने म्हणे तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा शेवटचं नाव आलं तेव्हा ती तिथंच दारात खाली बसली, आणि रामू घाबरून पाणी आणायला गिरजेकडे पळाला.

मी संध्याकाळी आलो. ती सूप मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "ती गाडी माझ्या वेणूची होती?" मी हो म्हटलं. "आणि मी पाखडायला बसले तेव्हा तुमी मला उठवलंत?" मी हो म्हटलं. मला वाटलं आता आरडाओरडा करील. केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्या तुसातला दाणा न् दाणा मी डोळ्यांनी वेचला असता." आणि रडली. मग चार दिवस माझ्याशी बोलली नाय. जेवायला वाढायची आणि ताटाशी न बसता परसात जायची.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नव्हतं पाखडलं. माझी चूक. तुझी आई सूप घेऊन आली होती, मी तिला हाकललं. गाडी तुझी आहे हे तिला कळू नये म्हणून हाकललं. मला वाटलं चुन्याने दाणे मरतील. नाय मेले. नवसू सांगत होता की काळू नदीच्या उतारावर पाणी चाकांवरून आत आलं. तेवढं पाणी पुरलं त्यांना. आणि फट पडली ती उंबरा आणि पहिली फळी यांच्यामध्येच पडली असणार. जुनं लाकूड पावसाळ्यात फार फुगत नाय, नवं फुगतं आणि सुकलं की आखडतं. दोघांना शेजारी बसवताना मी तेवढी सोय ठेवायला हवी होती. तीस वर्षं हे काम करतो आणि चुकलो.

ओलं तूस खाली राहिलं तर फळ्या तुझ्या अंगाखाली सडतील. जमीन उघडावी लागेल. पावसाचा जोर ओसरला की गाडी पाठव. सगळी नवी करून देतो. ह्या वेळी तुझी आई पाखडणार आहे, तिने तसं गावात सांगूनही टाकलं आहे.

घरात पाणी येतं. उंबरा नाय ना. जोराची सर आली की अंगणातलं पाणी थेट चुलीपर्यंत. तुझी आई गोणपाट टाकते आणि माझ्याकडे बघते. नवा उंबरा तासून बसवा म्हणते. तासतो म्हणतो. बसवायला मात्र हात होत नाय.

तू गाडीबरोबर येशील का, असं तुझ्या आईने विचारलं आहे. मी नुसतं लिहितो आहे.

तुझा बाप


मुरबाड, ता. ५ ऑक्टोबर १९५८

वेणूस अनेक आशीर्वाद,

गाडी आली. तू आली नायस.

नवसू एकटाच उतरला. तुझी आई सकाळपासून नवं लुगडं नेसून बसली होती. ती गाडीच्या मागे गेली, दार उघडून आत बघितलं, परत आली आणि नवसूला म्हणाली, "बस, पेज घे." एवढंच. नवसू भला माणूस आहे. पेज घेता घेता सगळं सांगितलं. तू शहापूरला दवाखान्यात थांबलीस, ड्युटी होती म्हणे. असेलही ड्युटी. मी रागावलो नाय. रागवायचा हक्क मी कधीच घालवला आहे.

मग तो म्हणाला, "मिस्त्री, टोकावड्याला सिस्टरने पहिल्याच दिवशी कोणाला देवी टोचल्या, माहीत आहे? सासूला. म्हातारी रांगेत उभी, हिला बघून मागे सरली. सिस्टर म्हणाली, या, पुढं या, दंड उघडा. आणि इतकं हलक्या हाताने टोचलं, म्हातारीला कळलंसुद्धा नाय." तुझी आई म्हणाली, "जोरात टोचायचं होतं." मग हसली. पाच वर्षांनी हसली गो ती. मला ते बघवेना, मी हत्यारं काढायला उठलो.

आणि जाता जाता नवसू आणखी एक बोलला. ते मी ऐकलं आणि पटाशी हातातून ठेवून दिली. म्हणाला, "सुरवातीला डॉक्टरीणबाई कल्याणच्या कारखान्यात काम देणार होत्या. सिस्टरच म्हणाली, मुरबाडच्या देवराम मिस्त्रीकडे द्या. माणूस हट्टी आहे, पण वाकडी फळी बसवणार नाय."

म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी इकडे कंबर धरल्याची थाप शोधत होतो आणि काम धाडणारी तूच. मग माझ्या पत्रांना उत्तर का दिलं नायस, ते आता कळतं. तुला बघायचं होतं मी किती लिहितो ते.

जमीन उघडली. तुसात मुळं पसरली होती, पांढरीशुभ्र, दोऱ्यासारखी. दाराजवळ, जिथं उजेड शिरतो, तिथं हिरवी रोपं. तुझ्या आईने ती हळूच सुटी करून परसात खाचरात नेऊन लावली. लावणीची वेळ केव्हाच टळली आहे, त्यांना दाणा भरणार नाय हे तिलाही ठाऊक आहे. तरी रोज पाणी बघायला जाते. नवीन तूस तिने दोन दिवस पाखडलं. गिरजा मदतीला आली तर तिलाही हात लावू दिला नाय.

आता उंबऱ्याचं. हे लिहायला मी आठ दिवस घेतले.

गाडी आली तेव्हा मी पहिली नजर उंबऱ्यावर टाकली. त्याच्यावर हळदीची बोटं होती. पाच बोटं, ओळीने. वरवर पुसलेली, खाली जुनी मुरलेली, म्हणजे एका दिवसाची नव्हेत. आणि ते तीन खळगे, त्यात कुंकू. तेव्हा मला कळलं की तू ओळखलंस.

ते खळगे तुझेच. सहा वर्षांची होतीस, दारात बसून उंबऱ्यावर दगडाने चिंचोके फोडायचीस. मी ओरडायचो, उंबऱ्यावर बसू नको, उंबऱ्यावर ठोकू नको. तू मी वळलो की पुन्हा ठोकायचीस. लाकूड काढून आणलं तेव्हा सगळीकडे रंधा फिरवायचा विचार होता. खळग्यांपाशी रंधा आला आणि मी उचलून ठेवला.

वाळवीबिळवी काही लागली नव्हती. तुझ्या आईला खोटं सांगितलं, तुलाही खोटं लिहिलं. तुला एसटीत बसवलं तेव्हा खिडकीशी उभा राहून मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. माझ्या घराचा उंबरा चढू नको, असं म्हणालो. गाडी सुटली. तू टोकावड्याला पोचलीच नायस, सरळगावला उतरून शहापूरच्या वाटेला लागलीस, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी शोधायला आलो नाय. आलो असतो तर काय बोललो असतो? शब्द माघारी घेता येतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं. लाकूड चुकलं तर दुसरं कापायचं, एवढंच माहीत. मग डॉक्टरीणबाईंनी तुझं नाव घेतलं तेव्हा डोक्यात आलं ते हेच. ज्या उंबऱ्याला तुला बंदी केली तोच काढून तुझ्या दाराला बसवायचा. तू रोज त्याच्यावरून जाशील येशील. मला तोंडाने बोलायला लागणार नाय. किती हुशार बाप तुझा, बघ.

पण तेवढ्याने होत नाय, हे तू न येऊन मला सांगितलंस. तेव्हा लिहितो. वेणू, मी चुकलो. तुझा भाजलेला हात बघून मी लोकांचा विचार केला. कोणाही बापाने हेच केलं असतं असं मी तुला लिहिलं होतं, ते खोडून टाक. दुसऱ्या बापाने काय केलं असतं ते मला काय माहीत? मी केलं ते वाईट केलं. पोरीला आगीतून आलेली बघून परत आगीत धाडली. माफ कर असं म्हणत नाय, ते तुझं तू ठरव. पण मला ठाऊक आहे, हे तुला कळावं.

गाडीची जमीन नवी झाली. उंबऱ्यापाशी आता बोटाच्या पेराएवढी सोय ठेवून तिथं दोरखंड आणि डांबर ठासलं आहे. जुनं आणि नवं दोघं आपापल्या परीने हलतील, फट पडणार नाय. तुझी हळद मी पुसली नाय.

घराचा नवा उंबरा ऐनाचा. तासून, तेल पाजून पडवीत उभा आहे. आता पितृपंधरवडा चालू आहे, बसवायचा नाय. दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाय. आपल्यात उंबरा बसवताना घरच्या लेकीने त्याला पहिली हळद लावायची असते, मग सुताराने शेवटचा ठोका द्यायचा. तुला ठाऊक आहे, दुसऱ्यांच्या घरी तू माझ्याबरोबर कितीदा बघितलं आहेस. गावातले म्हणतील, नवरा टाकून आलेल्या लेकीचा हात कसा चालेल? चालेल. ज्याला चालणार नाय त्याने माझ्या दारावरून जाऊ नये.

आलीस तर बसवीन. दसऱ्याला नाय जमलं तर दिवाळीला बसवीन, दिवाळीला नाय जमलं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी येईल, येऊ दे. तोवर दाराला खाली काही नाय. तुला चढायला नाय, ओलांडायला नाय. नुसती चालत आत ये.

तुझा बा


शहापूर, १४ ऑक्टोबर १९५८

बा,

दसऱ्याला सकाळच्या एसटीने सरळगावला येते, तिथून टोकावड्याहून मुरबाडला येणारी गाडी धरते. तुम्ही स्टँडवर येऊ नका, मला रस्ता माहीत आहे. आईला सांगा, हळद मी आणते आहे.

उंबऱ्यावर बसले तर ओरडू नका.

वेणू